भिवंडीची राने आणि कुरणे

भिवंडी या नावाबरोबर यंत्रमागांचा खडखडाट आणि मुंबई–नाशिक महामार्गालगतच्या गोदामांच्या लांबच लांब रांगा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ही ओळख खोटी नाही. परंतु ती अपुरी आहे. शहराची हद्द ओलांडून वज्रेश्वरी–गणेशपुरीकडे किंवा वाडा तालुक्याच्या दिशेने निघाले की भाताची खाचरे, त्यांच्या वरच्या अंगाला गवताळ माळ आणि त्याच्याही वर डोंगराच्या खांद्यावर साग-ऐनाची राने, अशी तीन पायऱ्यांची भूमी दिसू लागते. या तीन पायऱ्यांवर शेकडो वर्षे माणसांचे, गुराढोरांचे आणि वन्य प्राण्यांचे जीवन एकमेकांत गुंतून राहिले आहे. त्यांतील मधली पायरी, म्हणजे गवताची, सर्वांत दुर्लक्षित राहिली. आणि आज सर्वांत वेगाने नाहीशी होत आहे तीही हीच. म्हणूनच रान आणि कुरण यांचे परस्परांशी व माणसाशी असलेले नाते समजून घेणे अगत्याचे ठरते.

भूमीची घडण

भिवंडी तालुक्याच्या दक्षिणेस उल्हास नदी व तिची खाडी आहे. कामवारी नदी शहराजवळून वाहत याच खाडीला मिळते. उत्तरेकडे तानसा नदी वज्रेश्वरीवरून वैतरणेच्या भेटीस जाते. पश्चिमेस तुंगारेश्वराची डोंगररांग वसई तालुक्यापासून या तालुक्याला वेगळे करते, तर पूर्वेस शहापूर तालुक्यातील तानसा जलाशयाच्या सभोवारचे जंगल पसरले आहे. १८९२ मध्ये बांधून पुरा झालेला हा जलाशय मुंबईची तहान भागवितो.

येथे वर्षाकाठी साधारणतः २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मात्र तो जवळजवळ सर्व चारच महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. चार महिने पाण्याची लयलूट आणि आठ महिने ओढ, या चक्राशी जुळवून घेणारी वनस्पतीच येथे टिकते. सखल भागातील खोल, चिकण मातीत भात होतो. डोंगरउतारावरील पातळ, मुरमाड थरात पूर्वी नाचणी, वरी यांसारखी पिके आळीपाळीने घेत आणि मधल्या वर्षांत जमीन गवतासाठी सोडून देत. अशा जमिनीला महसुली दप्तरात ‘वरकस’ म्हणतात. माती जेथे जरा खोल आहे तेथे साग, ऐन, खैर, धावडा, कळंब, बोंडारा, मोह, पळस अशा पानझडी वृक्षांचे रान उभे राहते.

झाड आणि गवत : दोन भिन्न स्वभाव

एकाच डोंगरावर एके ठिकाणी रान आणि दुसऱ्या ठिकाणी गवत का दिसते, याचे उत्तर त्या दोन वनस्पतींच्या वाढीच्या रीतीत आहे. झाडाच्या फांदीची वाढ शेंड्याकडून होते. रोपाचा कोवळा शेंडा बकरीने खुडला किंवा वणव्यात जळला की त्याची उंच होण्याची शक्ती खुंटते. गवताचे तसे नाही. त्याचा वाढीचा बिंदू जमिनीलगत, पात्याच्या बुडाशी असतो. वरचे पाते गाईने खाल्ले, विळ्याने कापले किंवा आगीत जळले तरी बुडातून नवे पाते फुटते. म्हणून जेथे चराई, कापणी आणि आग यांचे सातत्य असते तेथे गवत टिकते व झाड मागे पडते. उलट, या प्रदेशातील बहुतेक उंच गवतांना भरपूर ऊन लागते. झाडांच्या माथ्यांचे छत मिटले की खालचे गवत विरळ होत जाते.

याचा अर्थ असा की, भिवंडी परिसरातील बरीचशी कुरणे निसर्ग आणि माणूस या दोघांनी मिळून घडविली आहेत. पातळ माती आणि दीर्घ उन्हाळा ही निसर्गाची देणगी. विळा, गुरे आणि राब ही माणसाची. आठ महिन्यांची कोरड सोसण्यासाठी गवत आपले बरेचसे अन्न मुळांत साठविते. मुळांचे हे दाट जाळे मुसळधार पावसात उतारावरील माती धरून ठेवते आणि पाण्याचा वेग मोडते. खालच्या खाचरांत गाळाऐवजी निवळ पाणी उतरते ते या मधल्या पायरीमुळे. भाताच्या पिकाचे रक्षण अशा रीतीने बांधावर नव्हे, तर बांधाच्या वर अर्ध्या मैलावर सुरू होते.

कुरणातील सर्वच गवते मात्र सारख्या मोलाची नसतात. पवन्या, मारवेल यांसारखी गवते गुरे आवडीने खातात. कुसळीचे तसे नाही. तिच्या बीजाला पिळदार, टोकदार कुसळ असते. ओल लागताच कुसळ पीळ सोडते व बीजाला मळसूत्राप्रमाणे जमिनीत रोवते. त्यामुळे माळ पेटला तरी जमिनीत शिरलेले हे बी वाचते. हीच कुसळे मेंढ्यांच्या लोकरीत व कातडीत रुततात आणि गुरांच्या तोंडाला इजा करतात. वर्षानुवर्षे आग लावलेल्या आणि पावसाळ्याच्या आरंभीच अतोनात चारलेल्या माळावर चांगली गवते मागे हटून कुसळी माजते, ती यामुळेच.

रानाची कड आणि तिचे रहिवासी

रान आणि कुरण जेथे भेटतात ती कड प्राण्यांच्या दृष्टीने विशेष समृद्ध असते. भेकर व चितळ पहाटे-सायंकाळी मोकळ्यावर चरतात आणि चाहूल लागताच झाडीत शिरतात. ससा गवतात राहतो. लावा आणि तित्तर गवताच्या बुडाशी जमिनीवरच घरटे करतात. गुरांच्या पायाशी उडणारे किडे टिपण्यासाठी गायबगळे आणि कोतवाल त्यांच्या मागोमाग हिंडतात. आकाशात एका जागी पंख फडफडवीत स्थिर राहणारी कापशी घार आणि गवतातून सरपटणारी धामण उंदरांवर जगतात. भाताच्या खाचराशेजारी गवताळ पट्टा राखलेला असला की उंदरांचे हे शत्रू तेथे वस्तीस राहतात. शेतकऱ्याला न मागता मिळणारी ही चाकरी आहे. तिचे मोल मात्र ती बंद पडल्यावर कळते.

या कडेचे महत्त्व रानपिंगळ्याच्या कथेतून चांगले उमगते. घुबडाच्या कुळातील या लहान पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये झाले. १८८४ नंतर त्याची विश्वासार्ह नोंद न मिळाल्याने तो नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. ११३ वर्षांनी, १९९७ मध्ये, अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांना तो खानदेशात शहाद्याजवळच्या रानात पुन्हा आढळला. पुढे २०१४ मध्ये भिवंडीच्या शेजारच्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली, तेव्हा मुंबईपासून इतक्या जवळ तो असावा याचे अभ्यासकांना नवल वाटले. दिवसा वावरणारा हा पक्षी जुन्या झाडांच्या ढोलीत घरटे करतो. पण त्याचे भक्ष्य, म्हणजे सरडे, पाली, उंदीर व कीटक, त्याला विरळ झाडीत आणि गवताळ मोकळ्या जागेत मिळते. ढोली असलेली जुनी झाडे तोडली तर त्याचे घर जाते. मोकळी जागा मिटली तर त्याचे अन्न जाते. रान व कुरण या दोहोंखेरीज त्याचे भागत नाही.

राब, वैरण आणि रानभाजी

जे रानपिंगळ्याचे, तेच एका परीने माणसाचेही. कुणबी, आगरी, वारली, कातकरी, ठाकूर, मल्हार कोळी अशा या परिसरातील समाजांच्या जीवनक्रमात रान आणि कुरण या दोहोंचा वाटा आहे. भातशेतीतील राब हे त्याचे ठळक उदाहरण. रोपे तयार करावयाच्या जागेवर शेण, ऐनासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा पातळ थर पसरतात व फाल्गुन-चैत्रात तो पेटवितात. त्या उष्णतेने तणाचे बी मरते आणि राखेतून रोपाला अन्न मिळते. रोपवाटिकेस लावणीच्या क्षेत्राच्या सुमारे एक दशांश जागा लागते. पण तेवढ्या जागेसाठी रानातून दरवर्षी फांद्यांचे भारे आणावे लागतात. शेत खाली आणि त्याचे खत वर रानात, असा हा संसार होता.

१८७८ च्या वन कायद्यानंतर राने ‘राखीव’ व ‘संरक्षित’ अशा वर्गांत विभागली गेली आणि या संसाराला तडा गेला. मुंबईला इमारती लाकूड, जळण व कोळसा पुरविणाऱ्या ठाण्याच्या जंगलांची तोड थांबविणे आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु निर्बंधांचा पहिला चटका बसला तो राबासाठी फांद्या छाटणाऱ्या शेतकऱ्याला आणि मोळी विकून पोट भरणाऱ्या आदिवासीला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारींचा इतका ओघ सुरू झाला की, १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राब ही निव्वळ नासाडी की शेतीची गरज, हा त्या काळच्या वादातील एक कळीचा प्रश्न होता. रान कोणाचे आणि कोणासाठी, हा प्रश्न त्यानंतर कधीच पुरता मिटला नाही.

रानाचा संबंध केवळ राबाशी नाही. खैराच्या लाकडापासून कात काढणे हा कातकरी समाजाचा पूर्वापार धंदा; त्यावरूनच त्यांचे नाव पडले असे सांगतात. खैराचे रान त्यांच्या हातून गेले, तसा हा समाज कोळशाच्या भट्ट्यांवर आणि वीटभट्ट्यांवर मजुरीस जाऊ लागला. कारवीच्या काठ्यांचे कूड आणि गवताने शाकारलेले छप्पर, अशी आदिवासींची घरे रान व कुरण यांच्या साहाय्यानेच उभी राहत. पावसाळ्याच्या तोंडावर, घरातील धान्य सरत आलेले असताना, रानभाज्या ताटात येतात. शेवळी रानातल्या ओलसर मातीतून वर येतात. त्यांची खाज मोडण्यासाठी भाजीत काकडाची आंबट फळे घालतात. टाकळा आणि कुर्डू माळावर उगवतात. एकाच कुटुंबाच्या ताटात रान व माळ असे एकत्र येतात.

पावसाळा सरल्यावर घाट उतरून येणारे धनगर हा या जीवनाचा आणखी एक धागा. देशावरील मेंढ्यांचे कळप माळशेजसारख्या घाटांतून कोकणात उतरतात. माळावर आणि कापणी झालेल्या खाचरांत ते चरतात. रात्री ज्याच्या शेतात कळप बसतो त्या शेतकऱ्याला लेंडीखत मिळते व धनगराला त्याचा मोबदला मिळतो. माळ नाहीसे झाले की या कळपांची वाट खुंटते आणि शेताचे खतही.

गवताचा व्यापार आणि घामाचे मोल

ठाण्याच्या गवताला मुंबईने बाजारपेठ दिली. १८७४ पासून १९०५ पर्यंत मुंबईत घोड्यांच्या ट्राम धावत होत्या. त्यांच्या जोडीला व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे आणि दुधासाठी पाळलेल्या म्हशींचे तबेले होते. या साऱ्या जनावरांना वैरण हवी होती. दसऱ्यानंतर पाऊस उघडला की कापणी सुरू होई. पेंढ्यांचे भारे, भाऱ्यांच्या गंजी, पुढे वखारीत दाबून बांधलेल्या गासड्या, असा गवताचा प्रवास घडे.

वरकस जमिनीचे गवत विकून जमीनदार व व्यापारी यांनी पैसा केला. ते कापणाऱ्या हाताला मात्र अत्यल्प मजुरी मिळे, अनेकदा वेठच करावी लागे. डहाणू व उंबरगाव भागातील वारल्यांनी १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली जो लढा दिला, त्यात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न अग्रभागी होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, ऐन कापणीच्या हंगामात, तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली. या लढ्याची हकीगत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात लिहून ठेवली आहे. गवताच्या पात्याला बाजारभाव आला, म्हणून ते कापणाऱ्याचे दैन्य आपोआप फिटले नाही. त्यासाठी संघटनेची आणि कायद्याची गरज भासली.

‘पडीक’ या शब्दाने केलेली हानी

दप्तरी भाषेत पिकाखाली नसलेली आणि झाडेही नसलेली जमीन ‘पडीक’ ठरते. या एका शब्दाने गवताळ जमिनीचे दुहेरी नुकसान केले. एकीकडे, पडीक म्हणून ती गोदामे, दगडखाणी, भराव व बांधकाम यांसाठी सहज मोकळी झाली. मुंबईच्या बंदराला व बाजाराला जवळ असलेल्या भिवंडीत गेल्या काही दशकांत हे प्रत्यक्ष घडले आहे. टेकडीचा उतार सपाट करून त्यावर पत्र्याची छपरे व काँक्रिटची जमीन आली, की पडणारे पाणी मुरत नाही. ते वेगाने सखल भागाकडे धावते आणि ओढ्या-नाल्यांच्या काठच्या वस्त्यांवर पुराचे संकट आणते.

दुसरीकडे, पडीक म्हणून तिच्यावर सरसकट झाडे लावण्याचे कार्यक्रम झाले. महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते सुरू झाले. वृक्षारोपणाचा हेतू स्तुत्यच. परंतु पातळ मातीच्या चांगल्या कुरणावर निलगिरी किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ दाटीवाटीने लावल्यास वैरण जाते, आणि मूळचे रान मात्र येत नाही. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरासाठी १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य घोषित झाले. मोकळ्या गवताळ माळावर जगणाऱ्या माळढोकाला झाडांची दाटी मानवत नाही, हा धडा तेथील अनुभवाने दिला. झाड लावणे हे पुण्य खरे. ते कोठे लावावे याचा विवेक हवा.

बिबट्याची वाट

तुंगारेश्वरचे सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे वन २००३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. वसई व भिवंडी तालुक्यांत पसरलेले हे वन एकीकडे मुंबईचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि दुसरीकडे तानसा अभयारण्य यांना जोडणारा दुवा आहे. या दुव्याचे मोल २००९ मध्ये एका बिबट्याने दाखवून दिले. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात विहिरीतून बाहेर काढलेल्या या नराच्या गळ्यात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहाशी जोडलेला पट्टा बसविला आणि त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला हा बिबट्या सुमारे १२० किलोमीटरचे अंतर तोडून, महामार्ग, लोहमार्ग आणि वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या उद्यानात पोहोचला. या साऱ्या प्रवासात त्याने माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या अखेरीस मुंबईनजीक महामार्गावर वाहनाच्या धडकेने मात्र त्याचा अंत झाला.

वारली व अन्य समाज वाघोबाला देव मानतात. दिवाळीच्या आरंभी वाघबारशीला त्याची पूजा करतात. वाघाला व बिबट्याला शेजारी मानून त्याची मर्यादा राखणे आणि आपली सांभाळणे, हा त्यामागचा भाव आहे. गावाबाहेर उघड्यावर पडणाऱ्या कचऱ्यावर कुत्री पोसली जातात व कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत येतो. मर्यादा येथे माणसाकडूनच ढळते.

गाव, शाळा आणि कार्यालय

या परिस्थितीत ग्रामपंचायतींच्या हाती साधने नाहीत असे नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक वनहक्कांबरोबरच सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. वैयक्तिक दाव्यांवर सर्वांचे लक्ष राहते. सामूहिक दावे मात्र मागे पडतात. कुरण हे स्वभावतःच सामूहिक असल्याने या दाव्यांकडे विशेष लक्ष देणे हिताचे आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार तयार करावयाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत गवतांची स्थानिक नावे, त्यांचा उपयोग आणि ती कोणत्या माळावर आढळतात याची नोंद झाली, तर ‘पडीक’ या शब्दाला लेखी उत्तर मिळेल.

कुरणाच्या निगराणीसाठी फार मोठा खर्च लागत नाही. माळाचे तीन-चार भाग पाडून आलटूनपालटून चराई ठेवावी. पावसाच्या आरंभी, गवताची मुळे साठवलेल्या अन्नावर नवे पाते उभारीत असताना, गुरे आवरावीत. गवत फुलोऱ्यावर असताना सकस असते. बी धरल्यावर ते चोयट होते. पाऊस उघडताच कापणी उरकल्यास वैरणीचा कस टिकतो. होळीपूर्वी जाळरेषा काढल्यास वणवा रानात शिरत नाही आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची वीणही वाचते. राबासाठी फांद्या छाटण्याऐवजी बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला खाचरात गाडणे आणि रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळणे, हा चारसूत्री भातशेतीतील मार्ग रानावरील भार हलका करतो.

शिक्षकांना या विषयात उत्तम प्रयोगशाळा लाभली आहे. विद्यार्थ्यांनी शाळेजवळच्या माळावर एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दोरीने आखावा व त्यातील गवतांचे प्रकार आषाढात, आश्विनात आणि माघात मोजावेत. शेजारी रानाच्या सावलीत तसाच दुसरा चौकोन आखावा. दोन्ही ठिकाणी एकेक तांब्या पाणी ओतून ते मुरण्यास किती वेळ लागतो हे पाहावे. तिसरा तांब्या उघड्या, तुडविलेल्या जमिनीवर ओतावा. गवताची नावे आजी-आजोबांकडून विचारून आणावीत. एका वर्षाच्या या वहीतून विद्यार्थ्याला जे कळेल ते कोणत्याही धड्यातून कळणार नाही.

महसूल, वन, कृषी व बांधकाम या खात्यांच्या अधिकाऱ्यांनी जमिनीचा निर्णय घेताना सातबाऱ्यावरील शेऱ्याबरोबर प्रत्यक्ष माळही पाहावा, एवढीच अपेक्षा आहे. रस्त्याखालून प्राण्यांसाठी वाट ठेवणे आणि ओढ्याकाठचा गवताळ पट्टा भरावातून वगळणे, हे आराखड्याच्या वेळीच साधते, मागाहून नाही.

भिवंडीला गोदामेही हवीत आणि यंत्रमागही. त्यांवर हजारो कुटुंबे जगतात. परंतु खाचर, माळ आणि रान या तीन पायऱ्यांपैकी मधली काढून घेतली, तर वरची खालीपर्यंत पोहोचत नाही. रानातले पाणी खाचरात, खाचरातला पेंढा गोठ्यात आणि गोठ्यातले शेण पुन्हा खाचरात, हे फेरे ज्या गावात अजून चालू आहेत त्या गावाने ते मोडू देऊ नयेत. ज्या गावात ते थांबले आहेत, तेथे निदान एक माळ पुन्हा राखावयास घेण्यास येता पावसाळा पुरेसा आहे.